नंबर देणारा एकच

निकेश हुशार होता याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, आणि सगळ्यात कमी दुमत खुद्द निकेशचं होतं. पोंभुर्ण्याकडच्या गावात तलावात जाळं टाकणाऱ्या डोमाचा हा पोरगा चंद्रपुरात राहून कॉम्प्युटर शिकला आणि पंचविशीच्या आत लाकडाच्या एका डेपोचं अख्खं कामकाज जावा नावाच्या भाषेत लिहून मोकळा झाला. एवढं केल्यावर पोराला थोडा ताठा आला तर आला, लोक सोडून देतात. पण हा ताठा दुसऱ्याच्या घराला भोवला, आणि ते काही सोडून देण्यासारखं नाही.

डेपो आलापल्लीच्या बाजूला होता. दोन हजार चारच्या पावसाळ्यापासून आठ महिने निकेश तिथंच होता, आणि राहायला होता कमरुद्दीन मिस्त्रीच्या घरी, कारखान्याच्या वरच्या खोलीत. खाली रंधा चालायचा, वर निकेशचा कीबोर्ड. सलीमाबाई दोन्ही वेळा ताट वर पाठवायची आणि ताट परत आलं की भात किती उरला ते पाहायची. जरा जास्त उरला की खालून आवाज यायचा, "काऊन गा निकेश, आमच्या हातचं गोड नाई लागत काय तुले?"

मिस्त्रीचा मुलगा जिशान निकेशहून दोन वर्षांनी लहान. हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ, आणि कुठल्याही रांगेत उभं राहायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. बापलेकांचं रोज वाजायचं. "ह्या पोट्ट्याले सबूर नाई," मिस्त्री म्हणायचा. "सागाचं लाकूड वाळाले दोन वर्षं घेते. ह्याले दोन मिनिटं धीर निघत नाई." जिशान हसायचा आणि रंधा मारत राहायचा.

डेपोतून लाकूड बाहेर न्यायचं तर पास लागतो. पासवर नंबर असतो आणि तोच नंबर नाक्यावर तपासला जातो. पूर्वी हे नंबर कारकून वहीतून द्यायचा. आता ते निकेशचा प्रोग्रॅम देणार होता. एका संध्याकाळी मिस्त्रीनं विचारलं, "काय गा, एकाच वेळी चार जनांनी पास मागतला तर तुही मशीन गोंधळनार नाई?"

निकेशची कळी खुलली. एकटा माणूस आठ महिने खोलीत बसून काहीतरी घडवतो आणि कोणी विचारतच नाही, म्हणजे काय हाल होत असतील! तो म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, नंबर देनारा मी एकच ठेवला. त्याले सिंगलटन म्हन्तात. प्रोग्रॅम सुरू झाला की तो एकदाच जन्माले येते, दुसरा जन्माले घालाचा रस्ताच मी बंद करून टाकला. चार जन येवोत का चाळीस, सगळे त्याच्याच दारात रांग लावतीन. तो एकाले नंबर देईन, मंग पुढच्याले. एक नंबर दोघांले जानंच शक्य नाई."

मिस्त्रीनं मान डोलावली आणि भिंतीकडे बोट केलं. तिथं खिळ्याला सागाची एक काठी टांगली होती, खुणा केलेली. त्याच्या कारखान्यात कामाला कितीही हात असोत, माप त्या एकाच काठीवरून घ्यायचं असा नियम होता. बाजारातला टेप कोणी खिशात आणला तर मिस्त्री तो काढून घ्यायचा. दोन मापं आली की चौकट एक होते अन् दार दुसरं, असं तो म्हणे. "म्हंजे तुहा तो नंबरवाला आमचा हा गज आहे," मिस्त्री म्हणाला, आणि त्याला फार आनंद झाला. इतकं शिकलेल्या पोरानं शेवटी आपलंच डोकं चालवलं, असा तो आनंद होता.

जिशान मात्र म्हणाला, "आन् दुसरं दुकान टाकलं तं? तिथी दुसरा गज लागनच ना."

"दुसरं दुकान कोन टाकून राह्यलं बे!" निकेश म्हणाला, आणि विषय संपला. रंधा मारणाऱ्या त्या पोरानं नेमकं बोट ठेवलं होतं. पण उंटावरच्या शहाण्याला खाली उभ्या माणसाचं ऐकू जात नाही.

कारण ते 'एकच' एका मशीनपुरतंच असतं. मशीन सुरू झाली की नंबर देणारा कॉम्प्युटरातल्या पासांच्या सामायिक रजिस्टरातला शेवटचा आकडा एकदा वाचून घेतो आणि मग स्वतःच्या डोक्यात मोजत जातो. शेजारी दुसरी मशीन सुरू केली की तिच्यात तिचा वेगळा 'एकच' जन्माला येतो. तोही तोच आकडा वाचतो आणि तिथूनच मोजायला लागतो. दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. आणि रजिस्टरात एक नंबर दोनदा आला तर अडवायची साधी सोय असते, तीही निकेशनं केलेली नव्हती. दोनदा येणारच नाही, मग दाराशी राखणदार कशाला, असा हिशेब होता त्याचा.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात निकेश गावी गेला होता. तलाव आटला होता, आणि आटल्या तलावात सगळं गाव मिळून मासे धरतं तो दिवस कोणी चुकवत नाही. निकेश मांडीभर चिखलात बापाच्या जाळ्याचं दुसरं टोक धरून उभा होता. एवढ्यात किराणा दुकानाच्या इतवारीनं काठावरून हाळी दिली, "निकेश, चंद्रपूरचा फोन हाय बे!" तो चिखल गाळत गेला. फोनवर हेमराजभाऊ होते, निकेश नोकरीला होता त्या चंद्रपूरच्या कंपनीचे मालक. डेपोत लिलावाची गर्दी आहे, मशीन दमली, दीड-दोन दिवसांसाठी दुसरी मशीन जोडून दुसरी खिडकी उघडतो, चालेल ना?

"टाका की!" निकेश म्हणाला, आणि तलावाकडे पळाला. बापाला मोठा मरळ लागला होता. अर्ध्या मिनिटाचं ते बोलणं. घरी परत येईपर्यंत तो ते विसरूनही गेला.

ती दुसरी मशीन दीड दिवस चालली. तेवढ्यात तिनं पस्तीस पास दिले, आणि तेच पस्तीस नंबर पहिल्या मशीननंही दिले. चौतीस गाड्या वेगवेगळ्या नाक्यांवरून बिनबोभाट निघून गेल्या. पस्तिसावी गाडी कमरुद्दीन मिस्त्रीची होती. चंद्रपूरच्या एका शाळेच्या दारांसाठी सागाचं चिराण, म्हणजे चिरलेलं लाकूड, घेतलं होतं, पास जिशाननं आणला होता. नदीपलीकडच्या नाक्यावर कारकुनानं यादी पाहिली. तो नंबर आदल्या दिवशीच दुसऱ्या कोणाच्या बांबूच्या ट्रकवर चढलेला. त्या वर्षी नकली पास विकणारे दलाल डेपोभोवती घोंगावत होतेच. मेटाडोर जप्त, माल जप्त, मिस्त्री तीन दिवस आत. सहा मेची गोष्ट. ज्या माणसानं जन्मात जळणाची काडी बिनपासाची उचलली नाही, त्याला आठवडी बाजारात लोक लाकूडचोर म्हणू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

चौकशी लागली. डेपोनं कंपनीला पत्र पाठवलं, एकच नंबर दोन पासांवर येऊ शकतो काय? पत्रात फक्त नंबर होता, माणसाचं नाव नव्हतं. निकेशनं ते उभ्या-उभ्याच वाचलं, त्याला रागच आला. माझ्या प्रोग्रॅमवर शंका! रजिस्टर उघडून पाहण्याइतकाही वेळ त्यानं घालवला नाही. अकरा मेला कंपनीच्या कागदावर त्यानं स्वतःच्या सहीनं उत्तर लिहिलं. 'या प्रणालीत नंबर देणारा एकच आहे. एक नंबर दोनदा निघणे अशक्य आहे.' अशक्य हा शब्द त्यानं हौसेनं लिहिला.

ते उत्तर डेपोत मिस्त्रीला वाचून दाखवलं. खाली निकेशची सही. मिस्त्री घरी आला आणि पोराला म्हणाला, "खरं सांग. कोनापासून घेतला पास?"

"अब्बा, दुसऱ्या खिडकीवरून घेतला. नवीन उघडली होती."

"रांगेत उभं राहाचा तुले कंटाळा. दलालानं दिला आन् तू घेतला. कबूल कर, मी काही म्हनत नाई."

"मी सांगून राह्यलो ना, खिडकीवरूनच घेतला!"

"निकेशनं लिहून देल्लं," मिस्त्री म्हणाला. "निकेश खोटं लिहिन काय?"

एकोणीस मेला दुपारी जिशान चंद्रपूरला निकेशच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. गावभर विजेचे कारखाने आणि ऑफिसात लोडशेडिंग, असली ती चंद्रपूरची दुपार. पंखा बंद, सगळे घामाघूम. तेव्हा कुठं निकेशला कळलं की तो पास कोणाचा होता.

जिशान भांडला नाही, हेच वाईट. तो म्हणाला, "निकेशभाऊ, अब्बा माह्याशी बोलत नाई. मी दुसऱ्या खिडकीवर होतो, खुदाकसम. तू एक डाव पाहून घे आन् अब्बाले फोन कर. तुहं ऐकतीन ते."

"लाइट आली का पाह्यतो. उद्या फोन करतो," निकेश म्हणाला. जिशानचा चेहरा इतका मोकळा झाला की निकेशला त्याच्याकडे पाहवेना. परतीची एसटी गाठायला तो जवळजवळ पळतच गेला.

लाइट चार वाजता आली. रजिस्टर उघडलं, तो नंबर शोधला. एक नोंद दिसली, बांबूची. खाली सरकवलं. दुसरी नोंद, सागाचं चिराण, कमरुद्दीन मिस्त्री. नंबर तोच, मशीन वेगळी. मग चौतीस नंबर आणखी निघाले, दोन-दोनदा. 'टाका की!' हे स्वतःचे शब्द त्याला आठवले, आणि जिशानचा दुसऱ्या दुकानाचा प्रश्नही.

मग तो हेमराजभाऊंकडे गेला. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि पानाचा डबा उघडला. "पस्तीस? कोनाले माहीत हाय? तुले आन् मले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू लिहून देल्लं अशक्य म्हनून. आता शक्य म्हनून लिहिशीन तं डेपो जाईन, मागचं काम जाईन, पुढचं जाईन. बारा पोट्टे हायेत इथी कामाले. त्या मिस्त्रीचं दंडावर मिटून जाईन. महिनाभरानं कोनाच्या ध्यानातही राह्यनार नाई."

"पन भाऊ, तो पोट्टा..."

"पोट्टा बापाचा हाय. बाप पाहून घेईन."

निकेशनं पुढे स्वतःला हजार वेळा सांगितलं की हेमराजभाऊंनी तोंड दाबलं. हे अर्धंच खरं. बारा पोरांची काळजी होती, नोकरीची भीती होती, सगळं होतं. पण खरी भीती लाजेची होती. ज्या घरात त्यानं एवढ्या ऐटीत 'नंबर देनारा एकच' म्हणून सांगितलं, त्या घरात फोन करून 'माझं चुकलं' म्हणायचं त्याच्या जिभेवर येईना. आज करू, उद्या करू. रिसीव्हर दोनदा उचलला, दोनदा ठेवला. एका रविवारी ऑफिस रिकामं असताना त्यानं प्रोग्रॅम मात्र दुरुस्त केला. नंबर देण्याचं काम मशीनच्या डोक्यातून काढलं आणि खुद्द रजिस्टरालाच दिलं, म्हणजे मशिनी कितीही असोत, विचारायची जागा एकच. दोनदा आलेला नंबर अडवायचं कुलूपही घातलं. तीन तासांचं काम. बैल गेला आणि झोपा केला.

प्रकरण खरंच दंडावर मिटलं. वर्षभरानं निकेश पुण्याला मोठ्या कंपनीत गेला. जिशान घर सोडून गेल्याचं त्याला आलापल्लीच्या एका ड्रायव्हरकडून उडत-उडत कळलं होतं. तरणा पोरगा आहे, गेला असेल कामाला, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालण्यात माणसाला कोणी हरवू शकत नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात दामिनी नावाची एक नवी मुलगी त्याच्या हाताखाली आली. निकेश तिला तेच समजावत होता, सिंगलटन म्हणजे काय, एकच वस्तू सगळ्यांनी मिळून कशी वापरायची. तिनं वहीतून मान वर केली. "सर, पण दोन सर्व्हर असले तर दोन होतील ना?" किती सोपा प्रश्न! विचारायला एक क्षण लागतो. "बरोबर आहे तुमचं," एवढं म्हणून तो उठला. दोन दिवसांनी तो आलापल्लीच्या एसटीत होता.

कारखान्यात आता एकच माणूस काम करत होता, मिस्त्री स्वतः. तो खाटेचा पाय घासत होता. दाढी पार पांढरी झालेली. निकेशला पाहून तो हरखला. "अरे बाप्पा! सलीमा, पाह्य कोन आलं! पुन्याचा साहेब आला." ओट्यावर चटई टाकली, पाणी आलं, चहा ठेवला गेला. ह्या आदरापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निकेशला वाटलं.

चहा यायच्या आत तो बोलून गेला. चिखलातला फोन, दुसरी मशीन, पस्तीस नंबर, न पाहता केलेली सही. काही झाकलं नाही. "मिस्त्रीभाऊ, जिशान खरं बोलत होता. पास खिडकीवरचाच होता. चूक माही होती."

मिस्त्रीच्या हातातली कानस थांबली. आणि, काय सांगावं, त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे माह्या पोरानं दलालापासून नाई घेतला?"

"नाई भाऊ."

"म्हंजे तो रांगेत उभा राह्यला होता!" मिस्त्री हसला, आणि हसता-हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "सलीमा! ऐकलं काय? आपला जिशान खोटा नाई. निकेश स्वतः सांगून राह्यला!"

सलीमाबाई चहा घेऊन दारात उभी होती. "मले कोनी सांगाची गरज नोती," ती म्हणाली. चहाचा कप तिनं निकेशसमोर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला. "तुले कधी समजलं हे?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. 'परवाच समजलं' म्हटलं असतं तर चाललं असतं, म्हातारीनं मानलंही असतं. निकेशनं मान खाली घातली. "जिशान ऑफिसात आला होता, त्याच दिवशी. एकोणीस मेले. तो गेल्यावर दोन घंट्यांत."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"एकोणीसले रातच्या गाडीनं आला तो," सलीमाबाई सावकाश म्हणाली. "भल्ला खूश होता. निकेशभाऊ उद्या फोन करनार हाय, अम्मी, म्हने. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या फोनजोळ बसला. जेवाले बोलावलं तं ताट तिथीच आन म्हने, मी उठलो आन् फोन वाजला तं. ज्याले दोन मिनिटं सबूर नाई, तो माहा पोट्टा अकरा दिवस बसून होता." तिनं कप खाली ठेवला. "पत्ता विचारू नको. पत्ता असता तं मी इथी राह्यली असती काय?"

मिस्त्रीचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यानं खाटेचा पाय बाजूला ठेवला, हात मांडीला पुसले, पुन्हा पुसले.

"बाराव्या दिवशी मीच त्याले म्हटलं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हटलं, निकेशनं पाह्यलं असन. तू खरा असता तं त्यानं फोन केला असता. तुहा फोन नाई आला, त्यालेच मी जवाब समजलो, निकेश. तो तसाच उठला आन् गेला. मी थांब पन नाई म्हटलं."